लाखेआडचं तिसरं पान

९ ऑक्टोबर

सुनेनं आज पत्राला लाख लावली.

चौतीस वर्षं मी शाळेत काढली, शेवटची नऊ मुख्याध्यापिका म्हणून. दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कापडात शिवून, मेणबत्तीवर लाखेची कांडी धरून, मी स्वतःच्या हातानं सील केलेत. लाख कशासाठी असते ते मला कुणी शिकवायला नको. जिथं चोराचं भय, तिथं लाख. आता या घरात माणसं तीन. रचना स्वतः, मी आणि सुहासचे वडील, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. आप्पांना स्वतःचा चष्मा सापडत नाही. मग चोर कोण?

सुहास, माझा मुलगा, फौजेत आहे, ऑगस्टपासून लेहच्याही पलीकडं. पंधरा दिवसांतून एकदा तीन मिनिटं फोन, तोही मागं रांग असताना. फोन रचनाच्या मोबाईलवर येतो, पण मी स्पीकर लावायला सांगते. मुलगा माझाही आहे. बाकी सगळं पत्रावर. रचना रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे, ती सुटेपर्यंत निपाणीचं टपाल निघून गेलेलं असतं, म्हणून तिची पत्रं मीच टाकते.

आणि हो, वाचते. दैनंदिनीत खोटं कशाला लिहू? वाचते म्हणजे नजर टाकते. लिफाफ्याचा डिंक वाफेवर सुटतो. पोरीचं लिहिणं अगदी बोरगावचं, तिच्या माहेरचं. ‘मि’, ‘तूम्ही’, ‘पाऊस पडलाच न्हाय’. सीमाभागात मराठी टिकावी म्हणून आम्ही हाडं झिजवली आणि माझ्याच घरातून असली पत्रं बाहेर जायची! चार वेलांट्या नीट केल्या तर कुणाचं काय बिघडलं? गेल्या बुधवारच्या फोनवर सुहास हसून तिला म्हणालासुद्धा, “रचना, तुझं शुद्धलेखन लई सुधारलंय गं. एका शब्दावर तर दोनदा गिरवलंयस.” मला इतकं बरं वाटलं! तिनं मात्र लगेच आप्पांच्या मोतीबिंदूचा विषय काढला.

आज सकाळी मी नेहमीसारखा हात पुढं केला. तिनं पत्र दिलं. मागच्या बाजूला लालभडक लाख, वर शिक्क्यात उमटलेलं जोंधळ्याचं कणीस.

“हे काय गं?”

“लाख, आई. मोबाईलवर बघितलं. आता पुन्हा लई जण असं करायल्यात. चांगलं दिसतंय.”

“आणि शिक्का?”

“आमच्या आज्जाचा. धान्याच्या पोत्यांवर मारायचे.”

शिक्का बघायला मागितला, तर म्हणाली पर्समध्ये आहे, उशीर झालाय. पर्स घेऊन गेली.

१० ऑक्टोबर

दुपारी पातळ सुरी मेणबत्तीवर तापवून लाखेखाली घालून बघितली. गठ्ठ्यांवरची लाख मी लावली होती, काढली कधीच नव्हती. काढणं निराळं. कडेनं सुटली आणि मधोमध तडकली. लिफाफाही फाटला.

आत नुसतं हवापाणी. आप्पांचा मोतीबिंदू, शेजारच्या घराचा स्लॅब, ‘तिथं उबदार रहा’. एवढ्यासाठी लाख!

फाटलेलं पत्र पाठवणार कसं? बंबात घातलं. लाखेचा अर्धा तुकडा, कणसाचा, मात्र ठेवला.

आप्पा आत आले. “वास कसला?”

“कसला नाही.”

त्यांनी मेणबत्तीकडं बघितलं. “लाईट गेली होती का?” म्हणाले, आणि डोक्यावर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत बाहेर गेले.

१९ ऑक्टोबर

चिकोडीला जाऊन आले. घरात सांगितलं, जुन्या सहकारी शिक्षिकेला बघायला. बाजारपेठेच्या मागं मष्णू म्हणून एक म्हातारा भांड्यांवर नावं कोरतो, पितळी शिक्केही करतो. त्याच्यापुढं लाखेचा तुकडा ठेवला.

तो भिंगातून बराच वेळ बघत राहिला. “शिक्का कुणाचा, बाई?”

“सुनेचा. हरवला.”

“मग सुनेला घेऊन या की. अर्धं कणीस इथं फुटलंय. किती दाणं हुतं तिला ठाव आसंल.”

“ती कामाला जाते. तुम्ही अंदाजानं करा.”

“लगीनपत्रिकेला आता लई पोरी करून नेत्यात,” तो म्हणाला, “पर दुसऱ्याचा शिक्का मी करत न्हाय. तुम्ही मास्तरीण दिसतायसा, म्हणून करतो.”

शिक्षकी पेशाला अजून मान आहे, हे बघून समाधान वाटलं.

सोमवारी मिळेल.

२५ ऑक्टोबर

काल दसरा झाला. आज तिनं दुसरं पत्र दिलं. हातात घेताच जड लागलं.

या वेळी लाख नीट सुटली. सुरी जास्त तापवायची नसते, लाख मऊ व्हायला लागली की थांबायचं. चार पानं. प्रत्येकावर वर आकडा घातलेला. पहिली दोन नेहमीची. तिसरं इथं उतरवून ठेवते, म्हणजे पुढं कुणी मला दोष दिला तर निदान माझ्यापाशी असेल:

‘तुम्हाला फोनवर सांगता येत नाही कारण स्पीकर असतो. मला दिवस गेलेत. दोन महिने झाले. बेळगावच्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आले, लॅबचं काम सांगून गेले होते. मागच्या खेपेसारखं होऊ नये म्हणून त्यांनी विश्रांती सांगितली आहे. जिना चढायचा नाही, स्टुलावर चढायचं नाही, जड उचलायचं नाही. मागच्या खेपेला सात आठवड्यांतच सगळ्या गल्लीला कळलं होतं. मग पोटातलं गेलं तेव्हा सगळी गल्ली रडायला आली आणि मी उठून सगळ्यांना चहा करत होते. आता पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही. मला बोरगावला जाऊ द्या. मी विचारलं तर आई सोडणार नाहीत, तुम्ही फोनवर म्हणालात तर सोडतील. आई वाईट नाहीत. पण त्यांच्यासमोर मला श्वाससुद्धा शुद्ध घ्यावा लागतो.’

ही अक्षरं मी शाईनं नीट उतरवलीत, तिच्या चुका काढून.

मागच्या खेपेला मी कौतुकानं चार जणींना सांगितलं. आजी होणाऱ्या बाईनं सांगू नये? पुढं गल्ली आली ती माणुसकीनं आली. रडायलासुद्धा माणसं लागतात. आणि श्वास शुद्ध म्हणे! मी तिला कधी एक वावगा शब्द बोललेली नाही. चुकलं तेव्हा फक्त बरोबर काय ते सांगितलं.

तिला इथं काय कमी आहे? बोरगावला घराशेजारी गोठा, आई निरक्षर, दवाखान्याला इकडंच यायचं. माझं नातवंड तिथं वाढवायचं?

दुसरं पान पूर्ण वाक्यावर संपलं होतं आणि चौथं आप्पांच्या मोतीबिंदूपासून सुरू होत होतं. नशिबाचीच साथ. तिसरं काढून ठेवलं. चौथ्यावरचा आकडा ब्लेडनं अलगद खरवडला आणि तीन घातला. लाख लावली, शिक्का उमटवला. पोस्टाच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, “बाई, हे मशीनवर फुटतंय. ह्याच्यावर मी हातानं ठसा मारतो.” म्हटलं, उपकार होतील.

१ नोव्हेंबर

फोन आला. पत्र अजून पोचलेलं नाही. तीन मिनिटं रचना माझ्याकडं बघत बोलत होती.

मी तिला न सांगता जमेल तेवढं करते. दुधात खारीक उकळते. पालेभाजी रोज. ती म्हणते, “एवढं कशाला, आई?” मी म्हणते, थंडी आली.

६ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दिवाळीची साफसफाई. स्वयंपाकघरातल्या माळ्यावरचे पितळी डबे दरवर्षी उतरवून चिंचेनं घासायचे. माझे गुडघे धरलेत. रविवारचं राहिलं होतं, म्हणून तिनं लॅबला सुट्टी टाकली होती. ती स्टूल घेऊन आली.

मी दारात उभी होते. ‘चढू नकोस’ एवढंच म्हणायचं होतं. पण म्हणणार कशाच्या जोरावर? मला कुठं काय माहीत आहे? दरवर्षी तिला मीच चढायला सांगते. यंदा नको म्हटलं असतं तर तिनं वर बघितलं असतं आणि तिला सगळं कळलं असतं.

तीही एक क्षण माझ्याकडं बघत थांबली. मी नको म्हणेन याची वाट बघितल्यासारखी. मग चढली.

म्हटलं, सावकाश हं. म्हटलं एवढं.

तिनं नऊ डबे उतरवले. मी खालून घेतले.

७ नोव्हेंबर

पहाटे रक्त गेलं. आप्पांनी रिक्षा आणली. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं तपासून सांगितलं, ठोके आहेत, पण महिनाभर अंथरुणातून उठायचं नाही. मग तिच्याकडून स्टुलाचं ऐकल्यावर आमच्याकडं वळून म्हणाला, “घरात कुणाला माहीत नव्हतं का? अशा वेळी वर चढायला कसं दिलंत?”

त्याचा सूर मला सहन झाला नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा मुलगा! मी म्हणाले, “बेळगावच्या डॉक्टरीणबाईंनी विश्रांती सांगितलीच होती. हिलाच घरात स्वस्थ बसवत नाही.”

आप्पांनी मान खाली घातली.

रचना पलंगावर पडली होती. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. शाळेत गणित सुटल्यावर मूल बघतं तसं. मग भिंतीकडं तोंड केलं.

डॉक्टर मात्र माझं ऐकून पुढच्या खाटेकडं वळला.

१० नोव्हेंबर

तिची आई अंबुबाई बोरगावहून आली. गाडी करून, मागं गादी घालून. दवाखान्यातूनच घेऊन गेली. मी म्हटलं, दिवाळी तोंडावर आहे, लक्ष्मी घरातून बाहेर जाऊ नये. अंबुबाई म्हणाली, “बाई, लेक जगली तर लक्षुमी.” ही माणसं एकदम टोकाचं बोलतात.

रचना घरी कपडे घ्यायलासुद्धा आली नाही. तिचे कपडे आप्पांनी भरले. साठी उलटलेला माणूस, ज्यानं स्वतःची बनियन कधी घडी घातली नाही, तो सुनेची लुगडी-पोलकी घडी घालत बसला होता.

२४ नोव्हेंबर

दिवाळी गेली. फराळ केला होता, आप्पांनी डबा भरून बोरगावला नेला. मला चला म्हणाले नाहीत.

सुहासचा फोन आता या घरात येत नाही. रचनाला तिकडं येत असेल. विचारलं तर आप्पा म्हणतात, “बरा आहे तो.”

१८ जानेवारी

सुहास आला. रजेवर येऊन नऊ दिवस झाले म्हणे! नऊ दिवस बोरगावला होता, निपाणीवरून पुढं गेला आणि आईच्या दारात आज आला. संक्रांतसुद्धा तिकडं केली.

किती वाळलाय! ओठ फुटलेत, गाल काळे पडलेत. मी पाट मांडला. तो खुर्चीत बसला आणि खिशातून तो लिफाफा काढून टेबलावर ठेवला.

“आई, रचना म्हणते चार पानं होती. मला तीन मिळाली.”

“मोजताना चुकली असेल. तिचं काही नीट असतं का?”

त्यानं शेवटचं पान उलगडून माझ्यापुढं सरकवलं. वर आकडा होता. माझं काम इतकं सफाईचं, की मलाही खाडाखोड दिसेना.

“तुझ्या तीनला खाली शेपूट असतं,” तो म्हणाला. “पहिलीत मला पाटीवर तूच काढून दिलतास. एक पाटी भरून तीन. मी शेपूट विसरलो की हातावर पट्टी. ह्या जगात असा तीन दोनच माणसं काढतात, आई. तू आणि मी.”

मी म्हणाले, “लेहच्या थंडीत तुला काळजी नको म्हणून मी—”

“पान दे.”

“कुठलं पान?”

“आई, पान दे.”

मला वाटलं आप्पा मध्ये पडतील. ते बाहेर ओसरीवर उभे होते. म्हणाले, “दे ते. बंबात पहिलं पत्र गेलं तेव्हा मी गप्प बसलो. वास आलता मला. माझी पण चूक हाय ती, आणि मी तिला सांगितलीय.”

म्हणजे सांगितलंय! माझ्यामागं, सुनेला, बोरगावला जाऊन!

मी आत जाऊन पान आणलं. सुहासनं उभ्या उभ्या वाचलं. एकच पान, पण त्याला फार वेळ लागला. मी शेजारी होते. मला वाटलं, आता तो निदान एवढं म्हणेल की आई, तुला काय वाटलं असेल हे वाचून. श्वासाचं ते वाक्य त्यालाही लागेल.

वाचून झाल्यावर त्यानं विचारलं, “हे वाचल्यानंतर तू तिला स्टुलावर चढू दिलंस?”

“मी सावकाश म्हटलं होतं.”

तो जेवला नाही. पान खिशात घालून निघाला. दारात वाकून नमस्कार मात्र केला. संस्कार आहेत. ते माझे आहेत.

२ फेब्रुवारी

रजा संपवून तो परस्पर गेला.

४ मार्च

आप्पा आता आठवड्यातले चार दिवस बोरगावला असतात. कारण विचारलं तर म्हणाले, “तिथं मला कुणी दुरुस्त करत न्हाय.” चाळीस वर्षं हा माणूस माझ्याशी नीट शुद्ध बोलत आला. आता मुद्दाम ‘न्हाय’ म्हणतो.

शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना सांगितलं, सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, पहिलं माहेरीच असतं. खोटं नाही.

१७ मे

मुलगी झाली. आप्पांचा फोन. दोघी सुखरूप. वजन विचारलं, ते त्यांना माहीत नव्हतं. म्हणाले, “लहान हाय. पण ओरडती जोरात.”

देवापुढं साखर ठेवली. शेजारी वाटायला निघाले होते, मग परत आले. काय विचारतील, कधी जाणार बघायला?

२९ मे

आप्पा फोनवर म्हणाले होते, “बारसं बुधवारी. यायचं तर ये. कुणी अडवणार न्हाय.” हे निमंत्रण.

चांदीचे वाळे घेऊन दहाच्या बसनं गेले. अंगणात मांडव, बायकांची गर्दी. अंबुबाई लगबगीनं पुढं आली, पायांवर पाणी घातलं, हळदीकुंकू लावलं. रचना पाळण्याशेजारी बसली होती. भरली आहे, रंग उजळलाय. मला बघून उठली.

“या, बाई,” म्हणाली.

अख्खं गाव मला बाई म्हणतं. पस्तीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थीसुद्धा रस्त्यात वाकून बाई म्हणतात. तिनं कधी म्हटलं नव्हतं.

बाळ बघितलं. हनुवटी सुहासची. उचलायला हात पुढं केले. रचनानं बाळाला माझ्या मांडीवर दिलं, तेवढ्यापुरतं, आणि स्वतः शेजारीच बसून राहिली, एक हात बाळाखाली ठेवून. मी वाळे घातले. तिनं “चांगले आहेत” म्हटलं. तिनं ‘आहेत’ म्हटलं. परक्यांशी बोलतात तसं.

“नाव काय ठेवताय?” मी विचारलं.

“आत्ता सांगतील की,” ती म्हणाली, “सगळ्यांना.”

आत्या म्हणून सुहासची चुलतबहीण पुढं झाली. पाळण्यातल्या बाळाच्या कानात नाव सांगितलं आणि मग मोठ्यानं. चिन्मयी. मी चौथ्या रांगेत होते. माझ्या नातीचं नाव मला सत्तर बायकांबरोबर कळलं.

जेवणं झाल्यावर अंबुबाईशेजारी बसायची वेळ आली. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, जावयाची पत्रं येतात का.

“येत्यात की. आठवड्याला एक.”

“काय लिहितो?”

“मला कुठं वाचता येतंय, बाई? लेकीच्या हातात देते. ती वाचून दावती. मधीच थांबती, हसती, एखादं पान न वाचताच पालटती. मी म्हनते, जेवढं वाचशील तेवढं आपलं.”

ती विड्याच्या पानाला चुना लावत होती. टोमणा होता की सहज, अजून कळलेलं नाही. तोंडावर काहीच नव्हतं. मी तिच्याकडं बघत राहिले. जिला स्वतःचं नाव काढता येत नाही, तिला तिची मुलगी पत्र वाचून दाखवते. आपणहून. मला चाळीस वर्षांत कुणी वाचून दाखवलं नाही. आप्पांना तार आली तरी मी हातातून घेऊन वाचायची.

उन्हं उतरल्यावर निघाले. आप्पा मांडवातल्या खुर्च्या गोळा करत होते. हात वर केला. येतो म्हणाले नाहीत. रचनानं खणानारळानं ओटी भरली, अगदी व्यवस्थित, काहीही न चुकता. मला कुठंही चूक काढायला जागा ठेवली नाही.

बस तुडुंब होती. शेजारच्या बाईनं ओटीचा नारळ बघून विचारलं, “बारशाला आलतासा व्हय? कुणाकडं?”

तोंडात उत्तर होतं. नातीच्या.

“ओळखीच्यांकडं,” मी म्हणाले.

तिनं जागा करून दिली आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली.